परदेशात मूल दत्तक घ्यायला जाताय? मग सगळा प्रवास मुलाच्या हिशोबाने आखा

आमच्या लेकीला आणायला आम्ही परदेशात गेलो तेव्हा ती तीन वर्षांची होती, आणि पहिल्या रात्री ती पायातले बूट काढू देईना. बुटाला नुसता हात लावला की अंग ताठ करायची, आणि रडायची नाही, आवाजच काढायची नाही. बूट तिला लहान होत होते, टाचेला घासून लाल झालेलं मोज्यावरून दिसत होतं. सकाळी ती जिथे वाढली त्या अनाथ मुलांच्या संस्थेतून निघताना तिथल्या मावशींनी ते स्वतःच्या हाताने तिच्या पायात घातले होते, आणि तिच्या ओळखीच्या जगातलं तेवढंच एक तिच्यासोबत आलं होतं. ज्या दिवसाची आम्ही अडीच वर्षं वाट बघितली तो दिवस तिच्यासाठी सगळं हातातून सुटल्याचा दिवस होता, हे मला त्या बुटांकडे बघून कळलं. त्याआधी कितीतरी वाचलं होतं पण कळलं नव्हतं.

म्हणून हे सविस्तर लिहितेय. कागदपत्रांची यादी दत्तकाचं काम बघणारी एजन्सी देते, व्हिसाचं वकिलात सांगते, पण प्रवास नक्की कोणाच्या सोयीने आखायचा हे फारसं कोणी बोलत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की तिकिटं, राहायची जागा, बॅग, कोण सोबत येणार, कोणाला कधी भेटायचं, हे सगळं ठरवताना आधी विचारा की त्या मुलाला यातलं किती झेपेल, आपली सोय त्यानंतर.

सगळ्यात आधी रस्ता सरळ आहे ना ते बघा

आंतरदेशीय दत्तकासाठी १९९३ चा हेग करार आहे, तो १९९५ पासून लागू झाला आणि आज १०० पेक्षा जास्त देश त्यात आहेत. आपला देश आणि मुलाचा देश दोन्ही त्यात आहेत का हे पहिल्याच दिवशी तपासा, कारण पुढची सगळी पद्धत त्यावर ठरते. करारातल्या चार गोष्टी मला पालकांनी पाठच कराव्यात असं वाटतं. मुलाला त्याच्याच देशात कुटुंब मिळतंय का हे आधी बघायचं असतं, आणि मगच परदेशाचा विचार. आईची संमती मूल जन्मल्यानंतरच घ्यायची, आधी घेतलेली चालत नाही, आणि ती पैसे देऊन मिळवलेली नसावी. मूल सोपवण्याआधी दोन्ही देशांच्या मध्यवर्ती यंत्रणांनी, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या सरकारी खात्यांनी, हे दत्तक पुढे जाऊ दे असं मान्य केलेलं असावं लागतं, हे कलम १७. आणि शेवटी कलम २३ चा दाखला मिळतो, म्हणजे हे दत्तक कराराप्रमाणे झालं असा कागद, तो हातात असला की बाकीच्या सदस्य देशांत ते दत्तक मान्य धरतात.

अजून एक कलम आहे २९, ते लोकांना फार जाचक वाटतं. काही टप्पे पूर्ण होईपर्यंत दत्तक घेणाऱ्यांनी मुलाच्या आईवडिलांशी किंवा सांभाळणाऱ्यांशी परस्पर संपर्क करायचा नाही, नात्यातलं दत्तक असेल तर गोष्ट वेगळी. त्यामुळे कोणी तुम्हाला सांगत असेल की "तुम्ही आत्ताच या, मूल बघून जा, कागद नंतर करू", तर जाऊ नका. कोणी संस्थेत रोख पैसे आणून द्या म्हणालं, पावती नाही मिळणार म्हणालं, तरी देऊ नका. करारात खर्च आणि वाजवी फी चालते, त्यापलीकडे कोणाचाही फायदा चालत नाही. मी हे इतकं ठासून सांगतेय कारण याची किंमत मुलं मोठी झाल्यावर मोजतात. दक्षिण कोरियातून अनेक दशकं मुलं परदेशी दत्तक गेली आणि मार्च २०२५ मध्ये तिथल्याच सत्यशोधन आयोगाने सांगितलं की त्यात खोट्या नोंदी केल्या गेल्या होत्या, आईवडील असलेल्या मुलांना अनाथ दाखवलं होतं. ती मुलं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि आपली आई शोधतायत. आपल्या मुलावर ती वेळ येऊ नये म्हणून आज चार प्रश्न जास्त विचारायला लागले तर विचारा, एजन्सीला राग आला तर येऊ दे.

आणि देशाचे नियम एका रात्रीत बदलू शकतात हे मनाशी धरून चला. रशियाने २०१३ पासून अमेरिकन कुटुंबांना मुलं देणं थांबवलं, इथिओपियाने २०१८ मध्ये परदेशी दत्तक बंद केलं, चीनने २०२४ मध्ये नात्यातली आणि सावत्र मुलं सोडून बाकीचं सगळं बंद केलं, आणि त्यात अशी कुटुंबं होती ज्यांना २०२० च्या आधीच मुलाचा फोटो आणि फाईल मिळाली होती, मुलालाही सांगून झालं होतं. म्हणून न परत होणारी तिकिटं काढू नका, कोर्टाची तारीख किंवा प्रवासाची परवानगी लेखी हातात येईपर्यंत काहीच पक्कं धरू नका.

फाईल

होम स्टडी म्हणजे तुमच्या घराची आणि कुटुंबाची पाहणी करून दिलेला अहवाल, पोलिसांचा दाखला, मेडिकल, लग्नाचा दाखला, पगाराचे कागद, बँकेचे कागद, हे सगळं मिळून एक फाईल होते, ती नोटरी होते, मग अपोस्टिल. अपोस्टिल म्हणजे १९६१ च्या वेगळ्या हेग कराराप्रमाणे लागणारा शिक्का, समोरचा देश त्यात नसेल तर वकिलातीतून वेगळं साक्षांकन करावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. यातल्या बऱ्याच कागदांना मुदत असते, पोलिसांचा दाखला आणि मेडिकल सगळ्यात आधी संपतं, तेव्हा प्रत्येक कागदाची मुदत कधी संपते हे एका कागदावर लिहून फाईलच्या आत चिकटवा.

आमचं अडलं ते एका नावावर. नवऱ्याच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे होतं आणि लग्नाच्या दाखल्यावर नव्हतं. आपल्याकडे हे इतकं सर्रास आहे की आमच्या लक्षातच आलं नाही, तिकडच्या क्लार्कने मात्र शांतपणे सांगितलं की ही दोन वेगळी माणसं आहेत. नऊ दिवस गेले त्यात. लेक संस्थेत आणि आम्ही त्याच शहरात, भेटायची परवानगी नाही. तुमच्या सगळ्या कागदांवरचं नाव एक एक अक्षर लावून बघा, दोघांचंही, जन्मतारखेसकट, आणि फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र घरूनच करून न्या.

मुलाची मेडिकल फाईल येते तेव्हा

फोटो बघितला की माणूस विरघळतो, हे होणारच. पण हो म्हणण्याआधी ती फाईल आणि जेवढे व्हिडिओ मिळतील तेवढे अशा बालरोगतज्ज्ञाला दाखवा ज्याने दत्तक आलेली मुलं बघितली आहेत. एका तारखेच्या उंची-वजनावरून काही कळत नाही, मागचे सगळे आकडे मागा आणि डोक्याचा घेर तर नक्की मागा. संस्थेत वाढलेली मुलं उंचीत मागे असतातच, डॉक्टर साधारण हिशोब सांगतात की संस्थेतल्या दर तीन महिन्यांमागे वाढ एक महिना मागे पडते. घरी आल्यावर बरीच मुलं हे भरून काढतात, त्यामुळे नुसतं किरकोळ दिसतंय म्हणून घाबरू नका. घेर मागे असेल तर मात्र डॉक्टरांशी बसून बोला. तुम्हाला काय झेपेल, काय नाही, हे या टप्प्यावर प्रामाणिकपणे बोलणं म्हणजे निष्ठुरपणा नाही, कोणी तसं म्हणालं तर ऐकून घेऊ नका. नंतर हात मागे घेतला तर मुलाचं जे होतं ते फार वाईट असतं.

तुमच्या स्वतःच्या लशीही याच काळात बघून घ्या. हिपॅटायटिस ए लहान मुलांमध्ये बरेचदा काही लक्षणं न दाखवता असतो आणि मग लंगोट बदलणाऱ्या मोठ्या माणसाला होतो, म्हणून प्रवासाला न गेलेल्या पण मुलाला घरी हाताळणाऱ्या आजीआजोबांनीसुद्धा मूल यायच्या किमान दोन आठवडे आधी पहिला डोस घेतलेला बरा. गोवरची लस झालीये का तेही तपासा.

निघायच्या आधीचे काही आठवडे

भाषा शिका. सगळी नाही, पन्नास शब्द पुरतात, पण ते तोंडात बसले पाहिजेत. पाणी, शू, भूक, झोप, दुखतंय का, गरम आहे, थांब, झालं, ये, अजून आहे, मी इथेच आहे, घाबरू नको. यातलं "अजून आहे" हे आम्हाला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं, जेवणाच्या वेळी, कारण संस्थेत वाढलेल्या बऱ्याच मुलांना पुढचा घास येणार आहे याचा भरवसा नसतो. उच्चार मात्र तिथल्या माणसाकडून ऐकून घ्या, मोबाईलमधला आवाज मुलाला ओळखीचा वाटत नाही.

संस्था परवानगी देत असेल तर आधीच एक छोटा फोटो अल्बम पाठवा. जाड पुठ्ठ्याचा, आठ-दहा पानांचा, आईबाबा, घराचं दार, मुलाचा पलंग, कुत्रा असेल तर कुत्रा, आणि खाली त्याच्या भाषेत एकेक ओळ. सोबत एक मऊ कापड पाठवा, जे तुम्ही काही रात्री उशाशी घेऊन झोपला असाल. वास ओळखीचा होतो, निदान अगदीच परका राहत नाही.

मोठं मूल असेल, पाच-सहाच्या पुढचं, तर त्याला कोणी आणि काय सांगितलंय हे स्पष्ट विचारा. वयाप्रमाणे त्याचं म्हणणं विचारात घेणं आणि जिथे कायद्याने लागते तिथे त्याची संमती घेणं हे करारातच आहे. पण कधी कधी मुलाला "तू सहलीला चाललायस" असं सांगून पाठवतात, आणि मग विमानात त्याला कळतं. हे होऊ देऊ नका, दुभाषा घेऊन बसा आणि खरं सांगा.

किती दिवस, कुठे राहायचं, कोण कोण

देशागणिक वेगळं आहे. बल्गेरियाला दोन फेऱ्या होतात, पहिल्यांदा भेट आणि काही महिन्यांनी आणायला. कोलंबियात एकदाच पण काही आठवडे राहावं लागतं. एजन्सी जेवढे दिवस सांगेल त्याच्यापुढे निदान आठवडाभर रजा हातात ठेवा, आणि घरी परतल्यावरची रजा यात खर्च करू नका, ती जास्त मोलाची आहे.

शक्य असेल तर हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेला छोटा फ्लॅट घ्या, एकच बेडरूम असलेला चालेल, उलट बरा. हॉटेलात नाश्त्याच्या हॉलमध्ये पन्नास माणसं, लिफ्ट, खोली साफ करायला कोणीतरी अचानक आत, हे सगळं मुलाला फार होतं. लहान जागेत दोनच माणसं सतत दिसतात आणि त्यालाच तर ओळख म्हणतात. खिडक्या, बाल्कनी, गॅसची बटणं पहिल्याच दिवशी बघून घ्या, संस्थेतल्या मुलांना हे काहीच माहीत नसतं.

दुभाषा एकच ठेवा, रोज नवा नको. आणि दोघं जा. एकाने कागदांच्या रांगेत उभं राहायचं आणि एकाने मुलाजवळ थांबायचं, एकट्या माणसाला हे दोन्ही जमत नाही, तुम्ही एकटेच दत्तक घेत असाल तर बहीण, मित्र, कोणीतरी शांत स्वभावाचं माणूस सोबत न्या, मात्र मुलाला उचलून घ्यायचं, भरवायचं काम त्यांच्याकडे नाही. घरी आधीचं मूल असेल आणि ते लहान असेल तर माझं मत की नेऊ नका. दोन घाबरलेली मुलं आणि दोन थकलेली मोठी माणसं, त्यात कोणालाच पुरेसं मिळत नाही. दहा-बाराचं समजूतदार भावंड असेल तर गोष्ट वेगळी, नवं मूल कधी कधी मोठ्यांच्या आधी त्याच्याकडेच जातं.

भेटीचा दिवस

तुम्ही रडाल. रडू आवरून ठेवा असं नाही म्हणत, पण धावत जाऊन मिठी मारू नका. खाली बसा, जमिनीवर, थोडं बाजूला, हातात एखादी वस्तू घेऊन, आणि त्याला येऊ द्या. फोटो काढायचं काम दुसऱ्याला द्या. मूल जोरजोरात रडलं तर ते चांगलं लक्षण आहे असं समजा, सांभाळणाऱ्या बाईवर त्याने जीव लावलाय आणि ज्याला एकदा जीव लावता येतो त्याला परत लावता येतो. काही मुलं अगदी गप्प होतात, बाहुलीसारखी, डोळे कुठेतरी लावून. याला लोक "किती शहाणं बाळ" म्हणतात. ते शहाणपण नसतं, भीतीने गोठलेलं असतं. आणि काही मुलं पहिल्या मिनिटात गळ्यात पडतात आणि दहा मिनिटांनी ड्रायव्हरच्याही गळ्यात पडतात, त्यालाही प्रेम समजू नका, कोणाला धरायचं हे त्याला कोणी शिकवलेलंच नसतं.

भेटल्यावर काहीतरी मोठं बिनसलंय असं वाटलं, फाईलमधलं मूल आणि समोरचं मूल यात फार फरक दिसला, तर सही करण्याआधी वेळ मागा. घरच्या डॉक्टरला व्हिडिओ पाठवा, त्यांना रात्री उठवायची परवानगी आधीच घेऊन ठेवा.

त्या दिवशी सगळ्यात मोलाचं काम मात्र वेगळंच असतं, मावशींशी बोलणं. त्यासाठी प्रश्न त्यांच्या भाषेत लिहून न्या, आयत्या वेळी काही सुचत नाही. झोपताना कुशीवर की पालथं, दिवा चालू की बंद, अंगाई कोणती, दूध किती गरम, चमच्याने की हाताने, शी-शूला काय म्हणतो, लाडाचं नाव काय, कशाला घाबरतो, कोणाशी खेळायचा, आजारी पडला होता का कधी, अंगावरचा हा व्रण कशाचा. आणि फोनवर त्यांचा आवाज रेकॉर्ड करा. आम्ही मावशींना विनंती केली की तुम्ही तिला झोपवताना रोज जे म्हणता ते तसंच म्हणा. त्या आधी लाजल्या, मग खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, पाऊण मिनिटही नव्हतं. मागे कोणीतरी भांडी घासत होतं, तोही आवाज आलाय. त्या पाऊण मिनिटावर आम्ही पुढचे दोन महिने काढले.

अंगावरचे कपडे बदलून नवे घालायची घाई करू नका. संस्थेला कपडे परत हवे असतात बरेचदा, कारण तेच पुढच्या मुलाला होतात, तर बदल्यात नवे दोन जोड द्या आणि जुने मागून घ्या. आणि ते धुऊ नका.

पहिले काही दिवस

भरवणं, अंघोळ, झोपवणं, लागलं तर फुंकर घालणं, हे सगळं फक्त तुम्ही दोघांनी करायचं. दुभाषीबाई कितीही प्रेमळ असल्या आणि मूल त्यांच्याकडे जास्त ओढ घेत असलं, कारण त्यांची भाषा कळते त्याला, तरी घास तुमच्या हातून जायला हवा. दोघांपैकी एकालाच मूल जवळ येऊ देतं आणि दुसऱ्याला ढकलतं असं फार होतं. ज्याला ढकलतंय त्याने मनाला लावून घेऊ नये. माझ्या नवऱ्याला तिने सहा दिवस हात लावू दिला नाही. तो रोज तिच्यापासून चार फुटांवर बसून ठोकळे रचायचा, काही न बोलता, सातव्या दिवशी तिने येऊन वरचा ठोकळा पाडला.

खाण्याचं म्हणाल तर पहिला आठवडा संस्थेत जे आणि ज्या वेळेला मिळायचं तेच आणि त्याच वेळेला. हे पौष्टिक, ते पौष्टिक नंतर. काही मुलं पोट फुटेपर्यंत खातात, काही तोंडात घास धरून ठेवतात, काही उशीखाली लपवून ठेवतात. रागवू नका, उलट त्याच्या हाताला येईल अशा जागी एक वाटी कायम भरलेली ठेवा, बिस्किट, केळं, काहीही, आणि ती रिकामी दिसू देऊ नका. जुलाब होऊ शकतात म्हणून ओआरएस, ताप मोजायचं यंत्र, ताप उतरायचं औषध वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून लिहून घेऊन बॅगेत ठेवा. खरूज आणि उवा अगदी नेहमीच्या आहेत, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, औषध असतं.

अंघोळीची सक्ती करू नका. शॉवर किंवा भरलेला टब काही मुलांनी जन्मात बघितलेला नसतो. ओल्या कापडाने पुसलं तरी चार दिवस काही बिघडत नाही. रात्री वेगळी खोली नको, दहा-वीस मुलांच्या श्वासांच्या आवाजात झोपायची सवय असलेल्या मुलाला शांततेचीच भीती वाटते. पलंग शेजारी लावा, दिवा चालू ठेवा.

नाव बदलायचं असलं तरी या दिवसांत नको. सगळं गेलेलं असतं त्याचं, निदान हाक तरी ओळखीची राहू दे. आणि फोटो सोशल मीडियावर टाकू नका, दत्तकाचा आदेश हातात येईपर्यंत तर अजिबात नाही, आणि नंतरही टाकताना विचार करा की ही त्याची गोष्ट आहे, ती कोणाला सांगायची ते त्याला मोठेपणी ठरवता यायला हवं.

तिथे असतानाच गोळा करा, परत जाणं सोपं नसतं

कागदांमध्ये कोर्टाचा किंवा सरकारी आदेश, मूळ जन्मदाखला आणि दत्तकानंतरचा नवा, मुलाचा पासपोर्ट, हेग देश असेल तर कलम २३ चा दाखला, मुलाचा व्हिसा, आणि लसींची नोंद. कचेरीच्या खिडकीवरून हलायच्या आधी प्रत्येकावरचं नाव, तारीख, गाव वाचा, भाषा येत नसेल तर दुभाष्याकडून अक्षरं लावून घ्या. आदेशाच्या साक्षांकित प्रती जास्त घ्या, पाच-सहा तरी. मूळ कागद हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही.

याच्याइतकंच बाकीचंही जमवा. मूल ज्या गावात जन्मलं किंवा सापडलं त्या गावाला शक्य असेल तर जा, मूल नेऊ नका, एकाने मुलाजवळ थांबा. दवाखान्याचा, रस्त्याचा, शाळेचा, संस्थेच्या दाराचा फोटो काढा, फाईलमध्ये नसलेलं काही तिथल्या कोणाला आठवत असेल तर तारखेसकट लिहून घ्या. मूल सापडलं तेव्हा सोबत चिठ्ठी, कापड, काही होतं का हे विचारा, नुसतं "माहिती नाही" असं उत्तर आलं तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाला विचारा. मुलाच्या मुळाची माहिती जपून ठेवणं ही करारातही सरकारांची जबाबदारी आहे, पण कागद हरवतात, संस्था बंद पडतात, माणसं बदलतात. पंधरा वर्षांनी तुमची लेक विचारेल तेव्हा तिच्यासमोर ठेवायला तुमच्याकडे असेल ते एवढंच असेल.

विमान

सरळ विमान महाग पडलं तरी तेच घ्या, नाहीतर मधला थांबा लांब ठेवा, तास-दीड तासात धावत विमान बदलणं नको. दोन वर्षांवरच्या मुलाला स्वतःची सीट लागते. खिडकीकडे मूल, मग एक पालक, मग दुसरा, म्हणजे अनोळखी माणूस शेजारी येत नाही. पट्टा बांधायची सवय आधी फ्लॅटमध्ये खुर्चीवर खेळ म्हणून करून घ्या. चढताना-उतरताना कानासाठी काहीतरी चोखायला किंवा प्यायला द्या. झोपेचं औषध स्वतःच्या मनाने देऊ नका, काही मुलं त्याने उलट जास्त बिथरतात. कपड्यांचे तीन जोड मुलासाठी आणि एकेक तुमच्यासाठी हातात असू द्या.

एअरपोर्टवर घ्यायला एकच माणूस यायचं, गाडी चालवणारं. हे आईवडिलांना, सासूसासऱ्यांना सांगणं अवघड जातं, मला माहितीये, त्यांनीही तेवढीच वाट बघितलेली असते. पण त्यांना आधीच नीट समजावून सांगा की पहिले काही आठवडे तुम्ही भेटायला या पण उचलू नका, भरवू नका, खाऊ आमच्या हातात द्या, आम्ही देऊ. आमच्या सासूबाईंनी हे इतक्या मनापासून पाळलं की महिन्याभराने लेक स्वतःच त्यांच्या मांडीवर जाऊन बसली.

परतल्यावर

दोन आठवड्यांच्या आत डॉक्टर, आजारी दिसत असेल तर लगेच. तिकडे झालेल्या तपासण्यांवर थांबू नका, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, सिफिलिस, टीबी, शौचातले जंत, रक्तातलं हिमोग्लोबिन, शिसं, थायरॉइड, हे इथे पुन्हा करून घ्या, आणि यातल्या काही तपासण्या काही महिन्यांनी परत कराव्या लागतात. लसींची नोंद पूर्ण दिसली तरी भरवसा ठेवायचा की रक्त तपासून बघायचं की सरळ परत टोचायचं हे डॉक्टर ठरवतील. कान आणि डोळे तपासाच, भाषा उशिरा येतेय असं सगळे म्हणत असतात आणि मुलाला ऐकूच कमी येत असतं असं होतं.

नागरिकत्वाचं काम पुढच्या महिन्यावर ढकलू नका. काही देशांत ते आपोआप मिळतं, काहींत अर्ज लागतो, काहींत आधी आपल्या कोर्टात पुन्हा दत्तक करावं लागतं. अमेरिकेत ते आपोआप मिळावं असा कायदा २००० साली झाला, पण त्यात आधीच मोठे झालेले बसले नाहीत, आणि बाळ म्हणून आणलेल्या माणसांना चाळिशीत कळून चुकलं की आपण कागदोपत्री नागरिकच नाही. काहींना अशा देशात परत पाठवलं गेलं ज्याची भाषाही त्यांना येत नव्हती. पालकांनी एक अर्ज करायचा राहिला, एवढंच कारण होतं कितीतरी जणांचं.

मग मुलाच्या देशाला पाठवायचे रिपोर्ट. किती वर्षं ते देश ठरवतो, काही ठिकाणी मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. तारखा आत्ताच कॅलेंडरमध्ये घालून टाका. हे ओझं समजू नका, लोकांनी रिपोर्ट पाठवणं सोडलं की त्या देशाचा विश्वास उडतो आणि मागून येणाऱ्यांना त्रास होतो. रिपोर्टसोबत फोटो जातात, तेव्हा एक जास्तीचा फोटो संस्थेतल्या मावशींसाठी म्हणून नाव घालून पाठवा आणि तो त्यांच्यापर्यंत पोचला का ते एजन्सीला विचारा. आम्ही पाठवला तो ती आमच्याकडे आल्याच्या अकराव्या दिवसाचा होता. त्या दिवशी दुपारी तिने स्वतःच खाली बसून आधी एक बूट काढला, मग दुसरा, आणि दोन्ही माझ्या मांडीवर आणून ठेवले. फोटोत ती फरशीवर अनवाणी उभी आहे आणि टाचेवरचा फोड वाळलेला दिसतोय.